झिंगाटवर नाचणारी वरात

संयोजकहो, व्यासपीठावरच्या ज्येष्ठांनो, समोर बसलेल्या रसिकांनो आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मंडपाच्या मागच्या कडेला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांनो,

संमेलनाच्या अध्यक्षानं मराठीच्या भवितव्याची चिंता वाहायची, नव्या पिढीच्या नावानं दोन-चार उसासे टाकायचे आणि शाल-श्रीफळ घेऊन उतरायचं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. आज तो मी पाळणार नाही. मी बोलणार आहे ते शाळा-कॉलेजच्या वयावर निघणाऱ्या सिनेमांबद्दल, मालिकांबद्दल आणि त्या वयाच्या कानात दिवसभर वाजणाऱ्या गाण्यांबद्दल. हा विषय साहित्याच्या मांडवात शोभतो का, अशी कुजबूज पहिल्या रांगेत सुरू झालीच असेल, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. किशोरवयाच्या कलेला मराठीत चाहते आहेत, पहारेकरीही आहेत. समीक्षक मात्र नाहीत. दोष त्या कलेकडे फार थोडा आहे. बराचसा दोष या मांडवात बसलेल्या आपल्यासारख्या लिहित्या-वाचत्या माणसांकडे जातो.

आपल्या या देवणीत हे समजावणं सोपं आहे. इथला माणूस गोऱ्ह्याकडे बघून नुसतं ‘भारी’ म्हणून थांबत नाही. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा, जवळपास सगळंच पांढरं असेल तर बाळंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके विखुरलेले असतील तर शेवरा. मग कपाळ, कान, वशिंड, पोळी, पायांची ठेवण. ज्या गावाच्या नावानं एक अख्खा गोवंश देशभर ओळखला जातो, त्या गावाला पारख म्हणजे काय हे मी शिकवायला नको. पण हाच माणूस गाण्यापाशी आला की त्याच्याजवळ दोनच शब्द उरतात. पोरगा म्हणतो, लई भारी. बाप म्हणतो, काय हे थेर. दोघांनीही गाणं नीट ऐकलेलं नसतं. बैलाला जेवढा वेळ देता तेवढा ‘सैराट’ला दिला असता, तर गेल्या दहा वर्षांत मराठवाड्यातून त्यावर चांगली चार पुस्तकं निघाली असती.

आता पुराव्याकडे येतो. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ 2004 साली आली आणि तिच्यावरचा सिनेमा 2012 साली. गोष्ट नववीतल्या मुलाची, काळ आणीबाणीचा. ‘बालक-पालक’ 2013 सालचा. त्यातली चाळ ऐंशीच्या दशकातली. ‘टाइमपास’ 2014 सालचा. त्यातलं प्रेम नव्वदच्या दशकातलं. या तिन्हींना पोरांनी डोक्यावर घेतलं आणि तिन्ही कलाकृतींत गुण आहेतच. तरी त्या कुणाच्या वयाच्या गोष्टी आहेत, हे विचारायला नको का? ज्या वर्षी त्या पडद्यावर आल्या त्या वर्षी पंधरा वर्षांचं असलेलं पोर त्यांत कुठंच नाही. आहे तो पस्तिशी ते पन्नाशीतला माणूस, जो आपलं पंधरावं वर्ष आठवून गलबलतो आहे. यूट्यूबवर ‘आठवी-अ’ आणि तिच्यामागून ‘दहावी-अ’ आली, तेव्हाही थोरामोठ्यांचं कौतुक ‘आमचे दिवस आठवले’ याच सुरात निघालं. आठवणी काढायला माझी हरकत नाही. पण मोठ्यांच्या आठवणींना आपण मुलांचं जगणं समजू लागलो, तर आजच्या मुलाला त्याची स्वतःची गोष्ट मिळतच नाही. भूतकाळात नेलेलं किशोरवय सोयीचं असतं. तिथं चिठ्ठी असते, सायकल असते, छडी असते, आणि जात असलीच तर मागच्या बाकावर गप्प बसलेली असते.

गोष्ट वर्तमानात आणली की काय होतं, ते नागराज मंजुळे यांनी दाखवलं. ‘फॅण्ड्री’मधला जब्या शाळेत जाणारा, शालूवर जीव टाकणारा पोरगा आहे. गावात डुक्कर धरायच्या कामावर त्याला घरच्यांबरोबर जावं लागतं आणि ती पळापळ सगळी शाळा बघते. डुक्कर आटोक्यात येण्याच्या बेतात असतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर मात्र चालू लागतं. पुढं मेलेलं डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते आणि त्या भिंतीवर महापुरुषांची चित्रं असतात. या दोन दृश्यांत किशोरवय, शाळा, राष्ट्र आणि जात यांचा जो हिशेब मांडला आहे, तो अनेक जाडजूड कादंबऱ्यांना जमलेला नाही. ‘फॅण्ड्री’ 2014 च्या फेब्रुवारीत आला. त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘टाइमपास’ आला होता. दोन्ही सिनेमांत शाळकरी वयाचं झुरणं आहे. ही दोन झुरणी समोरासमोर ठेवून कुणी मराठीच्या वर्गात तासभर बोललं असेल, तर त्या शिक्षकाला मी इथूनच नमस्कार करतो.

आणि ‘सैराट’. 29 एप्रिल 2016 रोजी तो आला आणि महाराष्ट्र नाचला. अजय-अतुल यांची अवघी चार गाणी. तंतुवाद्यांचा मोठा ताफा अमेरिकेत, हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला. करमाळ्याच्या बाजूच्या एका पोराला प्रेम झालं, तर त्याच्या छातीतली धडधड ऐकवायला एवढी सिम्फनी हवी, असं कुणाला तरी वाटलं. माझ्या मते हा मराठी गाण्याच्या इतिहासातला मोठा निर्णय आहे. गावच्या पोराच्या भावनेला यापूर्वी हलगी मिळायची, ढोलकी मिळायची, इतकं ऐश्वर्य क्वचितच मिळालं होतं. पण चाहत्याच्या कानातून एक गोष्ट निसटली. ही चारही गाणी सिनेमाच्या पूर्वार्धात आहेत. अर्ची आणि परश्या ही जोडी पळून हैदराबादला पोहोचली, की गाणं संपतं. हैदराबाद म्हणजे देवणीकरांना पुण्याहून जवळचं शहर. पोटापाण्यासाठी बिदरमार्गे तिथं जाणारी माणसं या भागात कमी नाहीत. तिथं झोपडपट्टीतली खोली आहे, घाण आहे, कारखान्यातलं काम आहे, भांडणं आहेत, लेकरू आहे, गाणं नाही. आणि शेवटी तर आवाजच नाही. रक्तात भरलेली चिमुकली पावलं उमटतात ती संपूर्ण शांततेत. संगीतकारांनी आणि दिग्दर्शकानं मिळून गाणं कुठं थांबवायचं हे ठरवलं, आणि या थांबण्यातच सिनेमाचा सगळा अर्थ आहे.

त्याचं आपण काय केलं? पूर्वार्ध कापून घेतला. ‘झिंगाट’ वरातीत आलं, गणपतीत आलं, जयंतीच्या मिरवणुकीत आलं. ते वाजत नाही असा डीजे मराठवाड्यात सापडणार नाही. त्या वरातीत जो नवरदेव घोड्यावर बसलेला असतो, त्याचं लग्न पाहुण्यारावळ्यांनी जात, पोटजात आणि कूळ तपासूनच ठरवलेलं असतं. जातीबाहेर प्रेम केलेल्या दोन पोरांच्या खुनाच्या सिनेमातलं गाणं लावून जातीतल्या लग्नाची वरात नाचते, आणि त्यात कुणालाही काही विचित्र वाटत नाही. पुढं 2018 साली हिंदीत ‘धडक’ आला. त्यात जातीची धार बोथट झाली, ‘झिंगाट’ मात्र हिंदी शब्द लेवून शाबूत राहिलं. म्हणजे बाजारानं जे मुंबईत केलं, तेच आपण आपल्या गल्लीत आधी करून बसलो होतो. चाहता गाण्यावर प्रेम करतो हे खरं. पण गाण्याच्या मागंपुढं काय आहे हे त्याला कुणी दाखवलं नाही, तर त्याचं प्रेम कुणाच्याही दावणीला बांधता येतं.

पहिल्या रांगेतून आता आक्षेप येईल, की असले सिनेमे बघूनच पोरंपोरी बिघडतात, शाळेच्या वयात प्रेमाचे धडे कशाला? या आक्षेपाला मी सौम्य उत्तर देणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे 2019-21 चे आकडे काढा. 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठरा वर्षं पुरी होण्याआधी लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के. आपल्या शेजारच्या परभणीत 48 टक्के. बीडमध्ये सुमारे 44. ज्या मराठवाड्यात सोळाव्या वर्षी पोरीच्या गळ्यात मंगळसूत्र घालताना वय आडवं येत नाही, तिथं सोळा वर्षांची पोरगी पडद्यावर बुलेट चालवते म्हटल्यावर मात्र संस्कृती आठवते. वयाची एवढी काळजी असेल तर ती लग्नाच्या मांडवात दाखवा, थिएटरात नको. राहिला प्रश्न संस्कृतीचा. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या दाव्याच्या भक्कम पुराव्यांपैकी एक म्हणजे गाथासप्तशती, आपल्याच पैठणच्या सातवाहनांच्या नावावरची. ती उघडून बघा. नदीकाठी, शेतात, माळवदावर चोरून भेटणाऱ्या तरुण पोरीबाळींनी ती भरलेली आहे. दोन हजार वर्षं जुनं चोरटं प्रेम अभिजात आणि परवाचं थिल्लर, हा न्याय मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप जरा अधिक वजनाचा आहे. हा सगळा धंदा आहे, लोकप्रियतेसाठी रचलेला माल आहे, त्याची कसली समीक्षा, असा तो आक्षेप. धंदा आहेच. पण म्हणून सगळा माल एक भावात तोलायचा का? 1998 साली मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ आला, तोही बाजारातच आला, कॅसेट होऊन. त्यात कविता आधी बोलली जाते आणि मग गायली जाते. ऐकणाऱ्यानं पावसात थांबून राहावं अशी ती क्रमानं बांधलेली आहे. कॅसेटची बाजू संपेपर्यंत माणूस तिच्यात राहायचा. 2024 साली जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ आलं. साडी जुनी, ताल नवा, आणि दोघांच्या मधोमध मोबाइलचा कॅमेरा. आपण सुंदर दिसतो हे पोरीला आता प्रियकराच्या नजरेतून जेवढं कळतं, तेवढंच त्यानं काढलेल्या फोटोतून कळतं. ही आपल्या शृंगारात झालेली नवी गोष्ट आहे आणि ती टिपली एका पॉप गाण्यानं. कवितेनं टिपली असेल तर ती कविता कुणाच्या ओठावर नाही. आता खटकतं तेही सांगतो. या गाण्याला जोडून येणारं दुसरं गाणं नाही. ते एकटं येतं, तीस सेकंदांच्या रीलमध्ये मावतं आणि पुढच्या गाण्याला जागा करून देतं. अल्बम नावाचा बांधा सुटला की भाव चढत जाण्याची, उतरण्याची, गप्प होण्याची सोय संपते. ‘सैराट’ला जे करता आलं ते तीस सेकंदांना करता येत नाही. हे बोलायला गाण्याचा तिरस्कार करावा लागत नाही. दोनदा ऐकावं लागतं, बस.

तिसरा आक्षेप मागच्या रांगेतला आहे, आणि मला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो. पोरं म्हणतील, आम्हाला आवडलं, विषय संपला; तुम्ही चिरफाड केली की मजा जाते. बाळांनो, आवडणं हा विषय संपल्याचा पुरावा नसतो, तिथून तर विषय सुरू होतो. पाच कोटी लोकांनी बघितलं हेही मत नव्हे. ती गर्दीची मोजणी आहे. उलट तुमच्या आवडीत अशी माहिती असते जी या व्यासपीठावर कुणाकडंच नाही. कुठल्या प्रसंगाला तुम्ही मोबाइल खाली ठेवला, कुठल्या संवादाला वर्गातली मुलगी हसली आणि मुलगा हसला नाही, कुठलं गाणं घरच्यांसमोर बंद करावं लागतं, हे तुम्हालाच ठाऊक. ते तुम्ही नीट मांडलंत तर ती समीक्षाच झाली. आणि एक विचारून ठेवतो. दहावीचा निकाल लागला की देवणीची, उदगीरची, निलंग्याची पोरं लातूरला जातात. खोली करतात, मेसचा डबा लावतात, नीटच्या शिकवणीत दोन वर्षं घालतात. बापानं त्या फीपोटी काय विकलं हे त्यांना माहीत असतं. राजस्थानातल्या अशाच जगण्यावर 2019 साली हिंदीत ‘कोटा फॅक्टरी’ आली आणि तुम्ही ती मन लावून बघितली. लातूर पॅटर्नवर भाषणं आपण तीस वर्षं ऐकतो आहोत. त्या पॅटर्नमध्ये कोंडलेल्या सतराव्या वर्षाची मालिका कुणी लिहायची? पुण्याच्या लेखकानं? त्याला उदगिरी बोली येते का, शेजारच्या कानडीचा हेल येतो का, मेसमधल्या वरणाची चव माहीत आहे का?

ज्येष्ठांसाठी शेवटचा मुद्दा. 2022 साली उदगीरला 95वं अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते भारत सासणे. त्याच सासण्यांना 2024 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीसाठी. म्हणजे थोरांच्या संमेलनाचा अध्यक्ष पोरांसाठी लिहू शकतो आणि त्यानं त्याची उंची कमी होत नाही. मग आपल्याच परिसंवादांना ‘युवकांपुढील आव्हाने’ असली सरकारी शीर्षकं का लागतात, आणि त्यांत युवक सोडून बाकी सगळे का बोलतात?

म्हणून संयोजकांकडं माझी एकच मागणी आहे, आणि ती मान्य झाल्याशिवाय मी समारोपाची शाल घेणार नाही. पुढच्या वर्षी या मांडवात एक सत्र असं ठेवा, ज्यात अकरावी-बारावीतले चार जण एका मालिकेवर किंवा एका अल्बमवर लिहून आणलेला लेख वाचतील. त्यात दोन मुली असल्याच पाहिजेत. आणि पहिल्या रांगेनं त्यांना प्रश्न विचारायचे, ते ती कलाकृती पाहून-ऐकून आल्यावरच. न पाहता प्रश्न विचारणाऱ्याला मागं उभं करायचं. आता चर्चेला वीस मिनिटं आहेत; माईक मागच्या कडेला न्या, पहिला प्रश्न तिकडूनच येऊ द्या.