श्रद्धा आणि अनिश्चितता

पहिल्या महायुद्धाच्या काळात मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांना ट्रोब्रिअंड बेटांवर एक गोष्ट आढळली. प्रवाळांनी वेढलेल्या शांत पाण्यात मासे धरणारे लोक मंत्रतंत्र करीत नसत; खुल्या समुद्रावर निघताना मात्र विधींवाचून त्यांचे चालत नसे. माणसे तीच, बुद्धीही तीच. भेद होता तो अनिश्चिततेचा.

आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नवसाकडेही असेच पाहावयास हवे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भोंदूला गुन्हेगार ठरविले, ते योग्यच झाले. परंतु नवसामागचे भय केवळ कायद्याने ओसरत नाही. त्यासाठी पाणी, दवाखाना आणि हक्काचे काम लागते. १९७७ चा रोजगार हमी कायदा या अर्थाने अंधश्रद्धा निर्मूलनाचेही पाऊल होते. नवस करणाऱ्याला हिणविण्यापूर्वी कार्यकर्त्याने त्याच्या भयाचे कारण शोधावे.