वेंधळेपणा कुणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंचे बोलावणे आले तेव्हा त्यांनी मला विषयही ठरवून दिला होता, 'कारखान्यातील सुधारणेच्या पद्धती'. मी म्हटले, "अहो, वर्धापनदिनाला लोक नाट्यगीते ठेवतात, तुम्ही कारखाना कुठे ठेवता?" त्यावर त्या म्हणाल्या, "गेल्या दिवाळीत आपल्या फराळ विभागात जो घोळ झाला, तो तुम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. आता तुम्हीच बोला." तेव्हा आजच्या भाषणाला चकल्या कारण आहेत. त्यांच्याकडे मी शेवटी येणारच आहे.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी माझ्या आयुष्याची बावीस वर्षे काढली. तेथे मोटारींसाठी हार्नेस तयार होत. हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगात शिरांसारखी पसरलेली तारांची जुडी. एका मोठ्या फळीवर खुंट्या ठोकून तारांची वाट आखलेली असते. त्या वाटेने तारा न्यायच्या, टोकाला टर्मिनल दाबून बसवलेली तार कनेक्टरच्या नेमक्या घरात खोचायची, आणि वरून चिकटपट्टी गुंडाळायची. हे काम सारे बोटांचे, म्हणून बहुतेक बायकाच असत. वेण्या घालणाऱ्या बोटांना हे काम लवकर साधते, असे आमचे मालक म्हणत. बायकांना मजुरी कमी द्यावी लागते, हे मात्र ते म्हणत नसत.

मी तेथे सुपरवायझर होते. 1994 सालची गोष्ट. गिऱ्हाइकाकडून एक खोके भरून हार्नेस परत आले. लाल तार तपकिरी तारेच्या घरात आणि तपकिरी लाल तारेच्या. प्रत्येक जुडीवर करणारणीचा क्रमांक असे, त्यामुळे गुन्हेगार शोधायला पाच मिनिटेही लागली नाहीत. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी होती. मी तिला सर्वांसमोर उभे केले आणि 'वेंधळी' म्हटले. तिला मेमो मिळाला, दोन दिवसांचा पगार कापला गेला. त्या कागदावर सही माझी आहे.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, निमूटपणे काम केले, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन म्हणाली, "ताई, दिवस कलल्यावर माझ्या जागेवर दोन मिनिटं बसाल का?"

चार वाजून गेल्यावर मी बसले. मैत्रिणींनो, दोन मिनिटेही लागली नाहीत. खिडकी पाठीमागे होती, तिच्यातून येणाऱ्या उन्हाने माझीच सावली माझ्या हातांवर पडत होती. वरची ट्यूब लुकलुकत होती. लाल आणि तपकिरी तारा एकाच खोक्यात, शेजारी शेजारी. त्या उजेडात कोणती लाल आणि कोणती तपकिरी, हे मलासुद्धा हात वर धरून पाहावे लागले. शिवाय तिने हे सारे मला पंधरा दिवसांपूर्वी सांगितले होते. मी "बघू" म्हणाले होते.

पुढे काही वर्षांनी आमच्याकडे जपानी कार्यपद्धती शिकवणारे एक गृहस्थ येऊ लागले. त्यांनी एक हकिकत सांगितली. जपानमध्ये शिगेओ शिंगो नावाचे एक नामांकित अभियंते होऊन गेले. 1961 साली ते एका विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात गेले असता तेथे एक तक्रार होती. एका लहानशा बटणात दोन स्प्रिंगा बसवायच्या असत, आणि कामगार मधूनच एक स्प्रिंग विसरत. 'नीट लक्ष द्या' असे सांगून सांगून वरिष्ठ थकले होते. शिंगोंनी एवढेच केले की, प्रत्येक बटणाला हात लावण्यापूर्वी दोन स्प्रिंगा मोजून एका बशीत काढायच्या. बटण जोडून झाले आणि बशीत स्प्रिंग उरली, म्हणजे विसर पडला हे लगेच कळणार. अशा उपायांना ते 'बाका-योके' म्हणत. त्याचा अर्थ 'मूर्खाच्या हातून चूक होऊ न देणारी योजना'. पुढे 1963 साली मोटारींचे सांगाडे बनवणाऱ्या एका कारखान्यात असा उपाय बसवला, तेव्हा तेथे काम करणारी एक बाई रडू लागली. 'मी इतकी मूर्ख आहे का?' असे तिने विचारले आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. तेव्हापासून शिंगोंनी तो शब्द टाकून 'पोका-योके' म्हणायला सुरुवात केली. 'पोका' म्हणजे अनवधानाने झालेली चूक. माणूस मूर्ख नसतो, चुका मात्र सर्वांच्याच हातून होतात, एवढा फरक त्या एका अक्षरात आहे.

तो वर्ग संपल्यावर मला चहा घशाखाली उतरला नाही.

आज ज्या पद्धतीला कारखान्यांतून 'लीन' म्हणतात, ते नाव 1988 साली अमेरिकेत एका लेखात दिले गेले आणि 1990 च्या एका पुस्तकाने जगभर गेले. पद्धत त्याच्याही आधीची, मुख्यतः जपानच्या टोयोटा कंपनीची. तिचे मूळ मोटारीत नाही, मागात आहे, हे ऐकून तुम्हाला बरे वाटेल. साकिची टोयोडा (जन्म 1867) हे एका सुताराचे पुत्र. घरी मागावर राबणारी आई पाहून त्यांनी माग सुधारण्याचा ध्यास घेतला असे सांगतात. त्यांच्या 1924 च्या स्वयंचलित मागाचा विशेष वेगात नव्हता. धागा तुटला की तो आपोआप थांबे, हा त्याचा खरा गुण. साधा माग धागा तुटला तरी चालतच राहतो आणि वारच्या वार सदोष कापड विणून ठेवतो, म्हणून त्यापाशी एक माणूस राखण बसवावा लागे. थांबणारा माग आला आणि एकच मुलगी अनेक माग सांभाळू लागली. 1929 साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने घेतले. त्यांचीच यंत्रे आपल्या मुंबईच्या गिरण्यांतून चालत.

त्याच टोयोडांच्या कापड गिरणीत 1932 साली कामाला लागलेले ताइइची ओनो पुढे मोटारीच्या कारखान्यात गेले. मागावरच्या त्या मुलींची आठवण त्यांना उपयोगी पडली. चूक दिसताच काम थांबवण्याची मुभा यंत्राला आहे, मग माणसाला का नसावी? म्हणून कामगाराच्या हाताशी दोरी आली. अडचण दिसली की ओढायची, दिवा लागतो, वरिष्ठ धावत येतो. तो ओरडायला येत नाही, मदतीला येतो, असा नियम. ओनोंचा दुसरा धडा साठ्याविषयीचा. अमेरिकेतील मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक जेवढे उचलते तेवढेच फळीवर पुन्हा भरतात. त्यावरून त्यांनी 'कानबान' म्हणजे पाटीची रीत बसवली. पुढच्या टप्प्याने माल उचलला की पाटी मागे जाते, आणि पाटी येईल तेव्हाच मागचा टप्पा नवा माल करतो. आपण नाही का, साखरेचा पहिला डबा रिकामा झाला की तो ओट्यावर उपडा ठेवतो आणि दुसरा उघडतो? उपडा डबा हीच वाण्याकडे जाण्याची पाटी. गरजेपेक्षा जास्त करून ठेवणे हा ओनोंच्या मते सर्वांत मोठा अपव्यय, कारण साठ्याच्या ढिगाखाली चुका लपून राहतात.

आमच्या कारखान्यात आम्ही केले ते अगदी साधे. ट्यूब बदलली, टेबल फिरवून उजेड डावीकडून घेतला, तारांची खोकी वेगळी केली. एका जुडीला लागतील तेवढेच सुटे भाग एका ताटलीत मोजून द्यायला लागलो. एक घंटा टांगली. पहिला आठवडाभर कोणी तिला हात लावला नाही. मग त्याच मुलीने ती वाजवली, आणि सगळी लाइन श्वास रोखून माझ्याकडे पाहू लागली. मी तिच्यापाशी जाऊन "काय झालं गं?" म्हटले. त्यानंतर दिवसातून चार-पाचदा वाजू लागली. परत येणारा माल बोटांवर मोजण्याइतका उरला. सूचनांची पेटी ठेवली, तीत चिठ्ठ्या पडू लागल्या. एकीने सुचवले, चिकटपट्टीची रिळे वरून सुतळीने टांगा, म्हणजे दर वेळी वाकून उचलायला नको. किती साधे! पण तिच्या कमरेला जे ठाऊक होते, ते माझ्या डोक्याला सुचले नव्हते.

आणि मग जे व्हायचे ते झाले. बाराजणींचे काम दहाजणींत होऊ लागले, हे मालकांच्या लक्षात आले, आणि दोघींना कमी केले. सर्वांत नव्या दोघी. त्यातली एक रिळे टांगायला सांगणारी.

पुढच्या सोमवारी मी पेटी उघडली तर आत एकच चिठ्ठी, अक्षर मुद्दाम बदललेले: "आता काय सुचवू, स्वतःचं नाव?"

या पद्धतीचे गोडवे गाणारे हा भाग सहसा सांगत नाहीत. खुद्द टोयोटात 1950 साली मोठा तंटा झाला होता. कंपनी बुडायच्या बेतात होती, कामगार कमी करावे लागले, आणि साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी त्याची जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडले. कंपनी आणि कामगार संघटना यांचा परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा निघाला तो 1962 साली. म्हणजे विश्वास बसायला बारा वर्षे गेली. तरी तेथे सारे आलबेल होते असेही नाही. सातोशी कामाता या पत्रकाराने 1972 साली तेथे हंगामी कामगार म्हणून नोकरी धरली आणि वेगाने पिळून निघालेल्या माणसांचे वर्णन करणारे पुस्तक 1973 साली लिहिले. वाचलेला सेकंद कामगाराच्या पदरात पडतो की त्याच्याच पाठीवर बसतो, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या कारखान्यात विचारायचा असतो.

मी ती चिठ्ठी घेऊन मालकांकडे गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते, हिशेबी होते. म्हणून मी हिशेबाचेच बोलले. दोन पगार वाचले, पण घंटा पुन्हा मुकी झाली तर एक खोके परत यायला किती दिवस लागतील? तीन आठवडे वाद चालला. अखेर फळ्यावर लेखी लागले की, सुचवलेल्या सुधारणेमुळे कुणालाही काढले जाणार नाही, मोकळ्या झालेल्या बाईला तपासणीचे किंवा नवे काम दिले जाईल. दोघींपैकी एक परत आली. रिळेवाली आली नाही. तिने खोली बदलली होती, आणि तिचा पत्ता कुणालाच देता आला नाही.

कापलेल्या दोन दिवसांच्या पगाराचेही मी काढले होते. हिशेबनीस म्हणाले, ते प्रकरण मिटले. तेव्हा ते पैसे मी माझ्या पर्समधून काढून त्या मुलीला दिले. तिने ते घेतले, नीट मोजले, आणि विचारले, "ताई, पावती देऊ का?"

आता चकल्या. गेल्या दिवाळीत आपण सगळी भाजणी एकदम भिजवली, मोहन जास्त पडले, आणि तीन दिवस चकल्या तेलात विरत राहिल्या. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकांचे फोन आले तेव्हा सर्वांना कळले. पण कढईपाशी बसलेल्या आपल्या भगिनीला हे पहिल्याच घाण्याला कळले होते! मी तिला विचारले, बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मोहन कार्यकारी मंडळातल्या बाईंनी घातलं होतं."

तेव्हा या वर्षी भाजणी थोडी थोडी भिजवावी, पहिली चकली खाऊन पाहिल्याशिवाय दुसरा घाणा टाकू नये, असे मला सुचवायचे आहे. आणि येताना मी एक पितळी घंटा आणली आहे. चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. ती कुठे टांगायची, ते मात्र कढईपाशी बसणारीला विचारा.