हवेत उभं राहणं

कवीला भाषणाला बोलावलं की विषय ठरलेला असतो. मराठीत लिहिणारा मुसलमान कवी म्हटलं की दुसराही एक विषय ठरलेला असतो. आज मात्र मी माझ्या मर्जीचा विषय घेऊन आलोय. रिमोटवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर.

दिवाळीला, ईदला, वाढदिवसाला हे यंत्र घरोघरी येतं. पहिल्या दिवशी छताला धडकतं, दुसऱ्या दिवशी कपाटामागे पडतं आणि तिसऱ्या दिवशी माळ्यावर जातं. यातली बरीचशी हेलिकॉप्टरं बिघडलेली नसतातच, हे मी माझ्या भाच्याच्या दुकानात बसून शिकलो. भाचा भवानी पेठेत मोटार वाइंडिंग करतो. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी हा त्याचा धंदा आणि हेलिकॉप्टर हा त्याचा नाद. मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस, मला वाइंडिंगमधलं काही कळत नाही. पण स्टुलावर बसून चहा पीत ऐकायचं काम मला चांगलं जमतं.

दुकानात येणारी पहिली तक्रार ठरलेली: "घरात चालतं, अंगणात चालत नाही." स्वस्तातली बरीच खेळणी टीव्हीच्या रिमोटसारखी अवरक्त किरणांवर चालतात. उन्हातही तेच किरण भरपूर असतात. त्या गर्दीत रिमोटचा आवाज हेलिकॉप्टरला ऐकूच येत नाही. म्हणजे ते खोलीतच उडवायचं, आणि छताचा पंखा बंद करून. हे एवढं सांगितलं की निम्मी गिऱ्हाइकं पैसे न देता हसत घरी जातात. भाच्याचा धंदा कसा चालतो, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. "मामू, ये धंदा नै, ये सवाब है," म्हणाला.

दुसरी तक्रार: "नुसतं गोल फिरतं." या खेळण्यात एकावर एक असे दोन पंखे असतात आणि ते एकमेकांच्या उलट फिरतात. असं का? तर पंखा एका दिशेला फिरला की यंत्राचं अंग दुसऱ्या दिशेला फिरू पाहतं. दोन उलटे पंखे एकमेकांची ही ओढ मारून टाकतात. ओढ सारखी नसेल तर हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं गरगरतं. रिमोटवर त्यासाठी ट्रिमचं छोटं बटण असतं. हेलिकॉप्टर ज्या दिशेला फिरतंय त्याच्या उलट ते थोडं थोडं दाबत जायचं. ट्रिम टोकाला नेऊनही फिरणं थांबलं नाही, तर मात्र भिंग घेऊन बसायचं. दात्यांच्या चाकांत बहुतेकदा केस सापडतो. लांब केस, सतरंजीचा दोरा, मांजरीची लव. चिमट्याने तो काढला की मोटार मोकळी होते. तरीही फिरत राहिलं तर दोनपैकी एक मोटार थकलेली असते.

तिसरी तक्रार म्हणजे जोरात आवाज करतं, पण उठत नाही. इथे आधी पात्यांकडे बघावं. वरच्या पंख्याची पाती आणि खालच्या पंख्याची पाती वेगवेगळी असतात आणि त्यांवर अक्षरं छापलेली असतात. घरच्या घरी पाती बदलताना ती हमखास उलटसुलट होतात. मग पंखा हवा खाली लोटायच्या ऐवजी वर लोटतो. आणखी एक म्हणजे पात्यांचे स्क्रू घट्ट आवळायचे नसतात. पात सैल हवी, दारावरच्या बिजागरीसारखी. फिरायला लागली की ती आपोआप बाहेर ओढली जाऊन सरळ होते. काळजीवाहू वडील नेमके तिथेच स्क्रू पिळून ठेवतात आणि सगळं यंत्र थरथरायला लागतं.

आता या सगळ्याच्या वर, डोक्यावर, एक आडवी दांडी असते. तिच्या दोन्ही टोकांना छोटी वजनं. मुलं ती शोभेची समजतात. त्या दांडीची गोष्ट मला फार आवडते.

आर्थर यंग नावाचा एक अमेरिकन तरुण १९२७ साली प्रिन्स्टन विद्यापीठातून गणित शिकून बाहेर पडला. त्याला व्हायचं होतं तत्त्वज्ञ. पण आधी एखाद्या खऱ्याखुऱ्या अडचणीशी झटापट करून पाहावी असं त्याला वाटलं, आणि त्याने निवडलं हेलिकॉप्टर. पुढची दहा-बारा वर्षं हा माणूस छोटी छोटी मॉडेलं करत राहिला, शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या पाओली गावच्या एका कोठारात. मॉडेल उठायचं, कलंडायचं, तुटायचं. अखेर त्याने पंख्याला वजनं लावलेली दांडी जोडली. फिरणारी वस्तू आपली पातळी सहजी सोडत नाही. खालचं धड डुललं तरी दांडी आपल्या पातळीत राहते आणि पंख्याला सावरते. १९४१ साली त्याने आपलं मॉडेल बेल कंपनीत नेऊन उडवून दाखवलं, आणि त्यातून आलेल्या बेल ४७ या हेलिकॉप्टरला ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचा परवाना मिळाला. हेलिकॉप्टरला असा परवाना मिळण्याची ती जगातली पहिलीच वेळ. त्यातलं एक आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात टांगलेलं आहे. यंग स्वतः मात्र त्यानंतर हेलिकॉप्टर सोडून तत्त्वज्ञानाकडे परत गेला.

म्हणजे मॉडेल आधी आणि माणूस बसवायचं हेलिकॉप्टर नंतर, असा हा उलटा क्रम. रेडिओवर नीट ताब्यात राहील असं छोटं हेलिकॉप्टर मात्र यायला पुढे बरीच वर्षं लागली. १९७० च्या सुमारास जर्मनीत डीटर श्लूटर यांनी ते जमवलं, आणि त्यातही अशीच दांडी होती. आता मोठ्या मॉडेलांत दांडी गेली आणि तिचं काम इलेक्ट्रॉनिक जायरो करतो. खेळण्यात मात्र ती पुष्कळदा अजून दिसते. घरात कुणी ती वाकडी झाली म्हणून मोडून टाकू नये.

खेळण्यातलं हेलिकॉप्टर महिनाभर उडवलं की एखाद्याला चटक लागते. मग तो एका पंख्याच्या, मागे छोटा पंखा असलेल्या खऱ्या मॉडेलकडे वळतो. इथे किंमत हजारांवरून दहा-वीस हजारांवर आणि त्याहीपुढे जाते. माझं मत विचाराल तर दुकानाकडे जाण्याआधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर बसावं. खरा रिमोट संगणकाला जोडून पडद्यावर हेलिकॉप्टर पाडायचं. दिवसाला पन्नास वेळा पाडलं तरी पातं तुटत नाही. भाच्याने असे तीन महिने काढले.

हेलिकॉप्टर पुढे नेणं सोपं, एका जागी हवेत उभं ठेवणं अवघड. विमानाला वेगाचा आधार असतो, हेलिकॉप्टरला काही नाही. उजव्या हाताच्या दांडीला सतत, डोळ्यांना दिसणार नाही इतकं हलवत राहावं लागतं. कललेलं दिसल्यावर दांडी हलवली तर उशीर झालेला असतो. सुरुवातीला हेलिकॉप्टरची शेपटी आपल्याकडे ठेवून उभं राहायचं. त्याच्या पायांखाली दोन काठ्यांची फुली बांधायची आणि टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावायचे, म्हणजे टेकताना ते उलटत नाही. जमिनीला अगदी लागून उडवू नये. तिथे पंख्याची हवा परत उसळते आणि हेलिकॉप्टर ओल्या फरशीवर साबण सरकावा तसं सरकतं. कमरेइतक्या उंचीवर ते जास्त शांत असतं. तोंड आपल्याकडे झालं की डावं-उजवं उलटं होतं आणि भलेभले गोंधळतात. त्यासाठी भाच्याचा मंत्र असा: ज्या बाजूला ते कलंडतंय त्याच बाजूला दांडी न्यायची, पडणाऱ्या भिंतीला टेकू द्यावा तशी. आणि आता आपटणारच असं दिसलं तर आपटायच्या आत मोटार बंद करायची. फिरता पंखा जमिनीवर आदळला तर पाती, दांडा, चाकं सगळंच जातं. थांबत आलेला आदळला तर बहुधा पातीवर निभावतं.

पडलेलं हेलिकॉप्टर पुन्हा उडवण्याआधी मुख्य दांडा काढून काचेवर लोळवून पाहावा. दांडा आणि काच यांच्यामध्ये उजेड लुकलुकला तर तो वाकलेला आहे. सरळ करायच्या फंदात पडू नये, नवा टाकावा. मोटार बंद ठेवून शेपटी हाताने एका बाजूला झटकन वळवावी आणि मागच्या पंख्याची पाती बघावी. शेपटीला परत आणायच्या बेताने ती फिरली पाहिजेत. जायरोची दिशा उलटी बसली असेल तर हेलिकॉप्टर उठताक्षणी गिरकी घेतं, आणि शिकाऊ माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

बॅटरीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या. एका सेलचा दाब नावाला ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. तीनच्या खाली उतरली की ती कामातून गेली. ठेवायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी वापरू नये, टोचू नये, कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. चार्जिंगला लावून झोपू नये. आमच्याकडे एका खोलीत सहा माणसं झोपतात आणि चार्जर गादीशेजारी असतो, म्हणून सांगतोय. भाचा मातीच्या कुंडीत बॅटरी ठेवून, समोर बसून चार्ज करतो.

आणि पाती. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका बागेत १९ वर्षांचा तरुण स्वतःच्याच हेलिकॉप्टरचं पातं डोक्याला लागून गेला. तो नवशिका नव्हता. मोठ्या मॉडेलला खेळणं म्हणणं मी तेव्हापासून सोडलं. गर्दीत, सोसायटीच्या गच्चीवर, लहान मुलांच्या घोळक्यात ते उडवायचं नाही.

मग उडवायचं कुठे? पुण्यात हा प्रश्न अवघड होत चाललाय. लोहगावला हवाई दलाचा तळ आणि तिथूनच प्रवासी विमानं. हडपसरला ग्लायडिंग सेंटर. खडकवासल्याला प्रबोधिनी. २०२१ च्या ड्रोन नियमांत चार पंख्यांचं ड्रोन वेगळं आणि एका पंख्याचं हेलिकॉप्टर वेगळं असा भेद नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला चालकाचा परवाना लागत नाही, पण आकाश मोकळं आहे की नाही हे सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा, लाल रंग बघून ठरतं. विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंत नियम जास्त कडक आहेत. पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात, ते वाचावेत. परवानगी आणि वारा दोन्ही पाहता हिवाळ्यातली पहाट आणि शहराबाहेरचा माळ एवढंच उरतं.

त्या माळावरची एक गोष्ट सांगतो. पहाटे पाठीवर सॅक, सॅकमध्ये बॅटऱ्या, वायरी आणि अँटेनाचा रिमोट घेऊन निघालेला माणूस कसा दिसतो याचा विचार तुम्हाला कदाचित करावा लागत नसेल. १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षं भाच्याने हेलिकॉप्टर घराबाहेर काढलं नाही. त्याला कुणी मनाई केली नव्हती. माझी बहीण दारात उभी राहायची, एवढंच. पुढे तो पुन्हा जाऊ लागला, तेव्हा एका सकाळी फिरायला आलेल्या एका वयस्क गृहस्थाने हटकलं. नाव विचारलं. नाव ऐकल्यावर सॅक उघडायला सांगितली. भाच्याने सतरंजी अंथरली, एकेक वस्तू तिच्यावर मांडली आणि प्रत्येकीचं काम समजावून सांगितलं. बॅटरी, जायरो, चेंडू लावलेल्या काठ्या. मग हेलिकॉप्टर उठवून कमरेइतक्या उंचीवर उभं करून दाखवलं. गृहस्थ अर्धा तास बघत होते. निघताना म्हणाले, "माझ्या नातवाकडे एक आहे. नुसतं गोल गोल फिरतं."

"ट्रिम बघितली का?" भाच्याने विचारलं.

पुढच्या रविवारी ते नातवाला घेऊन दुकानात आले. दात्यांत केस निघाला. भाचा ही हकिगत हेलिकॉप्टरची म्हणून सांगतो आणि खूश होतो. मी ती सॅकची म्हणून ऐकतो. आमच्यात त्यावरून अजून वाद होतो. त्या नातवाने आता सिम्युलेटर घेतलाय आणि तो भाच्याला मामू म्हणतो, हेही खरं. सुटे भाग आणायला दोघं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत बरोबर जातात.

ज्यांना हे सगळं खर्चाचं वाटतं, त्यांनी आधी महोगनीची बी शोधावी. पुण्यात काही रस्त्यांच्या कडेला ही झाडं आहेत. एका पंखाची ती बी उंचावरून सोडली की गरगरत, वेळ काढत खाली येते. नाहीच सापडली तर वहीचा कागद आहेच. पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारात, आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवलं, त्या जातीचं हे काम. बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी घ्या. वरून निम्म्यापर्यंत मधोमध चिरा. एक पंख पुढे, एक मागे दुमडा. खालचं टोक दुमडून त्याला कागदाची टाचणी लावा. सरळ दगडासारखं पडलं तर वजन जास्त झालंय, टाचणी लहान घ्या. हेलकावे खात पडलं तर वजन कमी आहे. पंखांच्या घड्या उलट केल्या की ते उलट दिशेला फिरतं. दुसऱ्या मजल्यावरून सोडा, आणि उचलून द्यायला खाली कुणाला तरी उभं करा.