लष्करी टपालाचा शिक्का

एका वृद्ध बाईंनी मध्यंतरी आजोबांचे पिवळे पडलेले कार्ड आमच्यापुढे ठेवले. आजोबा मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात उपाशी गेले, अशी घरची समजूत. शिक्क्यावर गाव नाही. ‘फील्ड पोस्ट ऑफिस’, आकडा व तारीख एवढेच. शत्रूला ठाव लागू नये, म्हणून ही योजना. आम्ही आपले आकड्यावरून गाव सांगायला निघालो! पण आकडा गावाचा नव्हे, कचेरीचा. आणि कचेरी फौजेबरोबर हिंडे. मग भिंगाने तारीख वाचली : फेब्रुवारी १९१६. सहावी पुणे डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून, २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जाईपर्यंत, कूतमध्ये कोंडलेली. तेथून टपाल बाहेर पडत नव्हते. म्हणजे कार्ड वेढ्याबाहेरचे. बाईंनी तारीख दोनदा वाचून घेतली.