सरासरीच्या पोटातला फरक



परतवाडा-अचलपूर भागात आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली, की कृषी केंद्रात एकच चर्चा असते: फवारणी कोणती चांगली? कुणी छातीठोक सांगतो, अमुक औषधानं झाडामागं शंभर संत्री जास्त टिकली. शंभर संत्री म्हणजे काही थोडी नव्हेत. पण मला त्याला विचारावंसं वाटतं, ज्या झाडांवर तेच औषध मारलं, त्या झाडांत आपसात किती फरक होता?

हिशेब कळावा म्हणून एक काल्पनिक बगीचा घेऊ. तीन फवारण्या, प्रत्येकीला चार झाडं. झाडामागं सरासरी फळं ४००, ४५० आणि ५००. तिसरी फवारणी जिंकली का? पहिल्या गटातली झाडं ३००, ३५०, ४५०, ५०० अशी असतील आणि बाकीच्या दोन गटांतही एवढीच ओढाताण असेल, तर तसं म्हणता येत नाही. तीच ४०० ची सरासरी ३८०, ३९०, ४१०, ४२० अशा झाडांची असेल, बाकीचे गटही असेच एकसारखे असतील, तर मात्र बोलण्यात दम आहे. सरासऱ्या त्याच, निकाल उलटा!

गटागटांतला फरक गटाच्या आतल्या फरकाच्या मानानं किती मोठा, हे मोजायचं. याला एकमार्गी प्रचरण विश्लेषण म्हणतात. कृषी महाविद्यालयातली पोरं सरळ ‘अ‍ॅनोव्हा’ म्हणतात. त्यातून निघणारा आकडा म्हणजे ‘एफ’. वरच्या पहिल्या बगीच्यात तो १.२ येतो, दुसऱ्यात ३०. अशा बारा झाडांच्या प्रयोगात ४.२६ च्या वर गेला, तरच फरक मानायचा, असा पाच टक्क्यांचा दंडक आहे.

ही रीत शेतातच घडली. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड प्रयोगक्षेत्रावर रुजू झाले आणि १९२५ च्या पुस्तकातून त्यांनी ती संशोधकांपुढं मांडली. आपल्याकडं वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी खास शेती संशोधकांसाठी ग्रंथ लिहिला, आणि कृषी विद्यापीठांतल्या पिढ्या त्यावर शिकल्या.

जोड्या लावून तुलना का करू नये? पाच फवारण्या असल्या की जोड्या होतात दहा. दहा वेळा तपासलं की निव्वळ योगायोगानं एखादी जोडी वेगळी दिसण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून आधी सगळ्यांचा मिळून एकच निकाल.

आणखी एक. विहिरीजवळच्या जोमदार झाडांवर आवडतं औषध आणि बांधावरच्या डिंक्या लागलेल्या झाडांवर दुसरं, असं केलं तर कोणतंही गणित उपयोगाचं नाही. कोणत्या झाडाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं.

एफ मोठा आला, तरी सगळे गट सारखे नाहीत एवढंच कळतं. कोणता सरस, ते नाही. त्यासाठी प्रयोगाच्या तक्त्याच्या खालच्या ओळीत ‘सी.डी.’ (क्रिटिकल डिफरन्स) पाहा. दोन सरासऱ्यांतलं अंतर त्याहून कमी असेल, तर त्या दोन फवारण्यांत फरक सिद्ध झालेला नाही. स्वस्त असेल ती घ्या. आणि तिथं ‘एन.एस.’, म्हणजे फरक सिद्ध नाही, असं छापलेलं असेल, तर पहिला नंबर कुणाचा, हे त्या तक्त्यात शोधू नका.