रंगविलेला भोपळा आणि बालवर्गाचा अभ्यास
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



आपल्या भाषेंत भोपळ्यास फारशी प्रतिष्ठा नाहीं. परीक्षेंत शून्य मिळालें कीं भोपळा मिळाला असें आपण म्हणतों. फसगत उघडी पडली कीं भ्रमाचा भोपळा फुटतो. आणि दोघांचें पटेनासें झालें कीं त्यांचें विळ्याभोपळ्याएवढें सख्य ठरतें. अशा या फळाविषयीं आम्हीं येथें बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु पालकांकडून एक प्रश्न आमच्या कानीं वरचेवर येतो : "मुलें हात रंगवून घरीं येतात, तीं अक्षरें केव्हां शिकणार?" प्रश्न रास्त आहे. घामाच्या पैशानें फी भरणाऱ्यास तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचें उत्तर एका भोपळ्याच्या साह्यानें द्यावें असा आमचा विचार आहे.

भोपळा रंगविण्याची चाल मुख्यत्वें अमेरिकेंतील बालशाळांची. तेथें शरदृतूंत भोपळे पिकतात, आणि इलिनॉय प्रांतांत तर त्यांचें पीक सर्वांत मोठें. सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येस, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, भोपळा कोरून आंत दिवा ठेवण्याचा तिकडे प्रघात आहे. आयर्लंडांत पूर्वीं हेंच काम सलगमावर होत असे. परंतु चार वर्षांच्या मुलाच्या हातीं सुरी कोण देईल? शिवाय कोरलेलें फळ थोड्याच दिवसांत नासतें, न चिरलेलें आठवडेच्या आठवडे टिकतें. म्हणून शिक्षिकांनीं सुरी बाजूस ठेवून कुंचला दिला. मुलांचे खेळ हाच त्यांचा अभ्यास, ही दृष्टि मात्र जर्मनींतून आली. फ्रोबेलनें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें आपली संस्था काढली आणि १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन' हें नांव दिलें. मुलाच्या हातीं द्यावयाच्या त्याच्या साधनांतील पहिलें साधन म्हणजे लोंकरीचा चेंडू. १८५६ सालीं मार्गारेट शुर्ट्स या बाईंनीं विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथें अमेरिकेंतील पहिली बालशाळा उघडली, आणि १८७३ सालीं सुझन ब्लो यांनीं सेंट लुइस येथें ती सरकारी शाळेंत नेली.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. मूल कागदावर चित्र काढतें तेव्हां कागद स्वस्थ पडून राहतो. भोपळा तसा राहत नाहीं. त्याची पाठ गोल, तिच्यावर उभ्या खांचा. रेघ सरळ ओढावी म्हटलें तरी ती खांचेंत उतरते व पुन्हा चढते. मग मूल एका हातानें फळ फिरवितें आणि दुसऱ्यानें कुंचला धरतें. दोन्ही हातांनीं दोन निरनिराळीं कामें एकाच वेळीं करावयाचीं, ही शिकवण पुढें लेखणी धरणाऱ्या बोटांना अतिशय उपयोगी पडते. पालकांच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर येथेंच आहे. पुढें गंमत अशी कीं पातळ रंग सालीवर ठरत नाहीं. सालीवर मेणासारखा थर असतो, त्यामुळें रंगाचे थेंब बनून ओघळतात. अळवाच्या पानावर पाणी कां ठरत नाहीं, हें मुलानें घरीं पाहिलेलेंच असतें. तें स्वतःच दोहोंची सांगड घालतें. शिक्षिकेनें मध्यें बोलूं नये. नारिंगी सालीवर पातळ निळा रंग लावला तर तो मळकट तपकिरी दिसतो, आणि आधीं पांढरा हात दिला तर तोच निळा खुलतो. हें व्याख्यानानें सांगून कोणास समजलें आहे?

मग गणित. खांचा मोजावयाच्या, घेर सुतळीनें मापून ती सुतळी जमिनीवर पसरावयाची आणि ती आपल्या उंचीहून लांब कीं आखूड तें पडून पाहावयाचें. दोन फळांपैकीं जड कोणतें याचा आधीं अंदाज, मग तराजू. बादलींत टाकल्यावर एवढें जड फळ बुडेल अशी मुलांची खात्री असते. तें तरंगतें, कारण आंत पोकळी आहे. पण कारण लगेच सांगण्याची घाई नको. फळ चिरलें जाईल त्या दिवसापर्यंत प्रश्न तसाच राहूं द्यावा.

भाषेविषयीं थोडेंच सांगतों. देठ, साल, गर, फोड, खरखरीत, गुळगुळीत, ओबडधोबड हे शब्द हाताला लागल्यावांचून तोंडीं बसत नाहींत. आणि भोपळ्यांत बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी ज्या मुलास ठाऊक नाहीं, त्याला आधीं ती गोष्ट सांगावी. चित्रें मागून येतील.

मोठ्या मुलांस इतिहासही सांगतां येईल. या जातीची लागवड मेक्सिकोंत सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं झाली. तेथील मूळ रहिवासी मका, घेवडा व भोपळा एकाच शेतांत लावीत : मक्यानें घेवड्यास आधार द्यावा, भोपळ्याच्या पानांनीं जमीन झांकावी. आपला लाल भोपळा हा मूळचा परदेशी पाहुणा. दुध्या मात्र फार जुना, आणि त्याच्याच जातीच्या कडक कवचाच्या फळांपासून मिरजेस तंबोरे बनतात.

एक आक्षेप आम्हांस खरोखर जड वाटतो. ज्या घरीं पोटभर अन्न नाहीं, तेथील मुलापुढें अन्नावर रंग फांसावा काय? आमचें मत स्पष्ट आहे : वायां घालवावयाचा असेल तर रंगवूंच नये. रंग स्वयंपाकघरांतलेच घ्यावे. पांढऱ्यासाठीं तांदळाची पिठी आहेच. वारली घरांच्या गेरूच्या भिंतींवर तीच शोभते. हळद व बीटाचा रस घ्यावा. हळदीचे हात साबणानें धुतांना लाल होतात, हा आणखी एक धडा फुकट मिळतो. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालवाडी काढली तेव्हां गांवांत मिळेल त्याच वस्तूंचीं साधनें केलीं. तो मार्ग आपल्या दाराशींच आहे; अमेरिकेहून रंगांच्या बाटल्या आणावयास नकोत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळ व कृति यांवरच उभा केला आहे.

आणि पालकहो, मुलानें रंगविलेला भोपळा घरीं आला कीं त्याचे डोळे नीट करावयास बसूं नका. वांकडे असले तरी ते त्याचे आहेत. आठ दिवस खिडकींत ठेवा, मग साल काढून घारगे करा, बिया मुलाकडून मोजवून सावलींत वाळवा. येत्या हंगामांत ज्यांच्या वाडींत वेल असेल त्यांनीं एक फळ शाळेंत पाठवावें, मात्र देठासह. देठ तुटलेलें फळ लवकर नासतें.