ठराव लिहिला तरच काम पुढे सरकते

भोर शहराचा कारभार नगरपरिषद पाहते,
तर वेल्हे म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात तो ग्रामपंचायती आणि पंचायत समितीकडे असतो.

नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात पाणीपुरवठा, स्वच्छता, बांधकाम अशा विषय समित्यांची,
म्हणजे एकेका कामापुरत्या नगरसेवकांच्या छोट्या गटांची, तरतूद आहे.

बैठकीपूर्वी सदस्यांना विषयपत्रिका, अर्थात चर्चेच्या विषयांची यादी, मिळते;
आणि संमत झालेला ठराव, सूचक व अनुमोदक यांच्या नावांसह,
इतिवृत्तात म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत उतरतो.
ठराव लिहिला तरच काम पुढे सरकते;
तोंडी आश्वासन कितीही गोड असले, तरी दप्तरी त्याला किंमत नसते.

गावात प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो.
तिची गणपूर्ती, म्हणजे किमान आवश्यक उपस्थिती, शंभर मतदार किंवा एकूण मतदारांचे पंधरा टक्के, यांतील कमी असेल ती.
डोंगरात विखुरलेल्या वाड्यांमुळे, त्यातही भातलावणीच्या दिवसांत, तेवढी माणसे जमणे अवघडच.

पुन्हा सांगायचे, तर ठराव लिहिला तरच काम पुढे सरकते.
म्हणून पुढच्या ग्रामसभेत मागील इतिवृत्त वाचले जाईल,
तेव्हा आपल्या वाडीचा विषय त्यात आला आहे का, हे श्रोत्यांनी जरूर ऐकावे.